टायगरशार्क की लावी? रद्द झालेल्या लढाऊ विमानांपैकी अभ्यासाला कोणतं घ्यावं

रद्द झालेल्या विमानांबद्दल वाचायला लागलं की थोड्याच दिवसांत एक वाक्य पाठ होतं: विमान उत्तम होतं, राजकारणानं मारलं. अमेरिकेच्या एफ-20 टायगरशार्कबद्दल ते म्हटलं जातं, इस्रायलच्या लावीबद्दलही. सेमिनारसाठी किंवा नुसत्या हौसेपोटी या दोघांपैकी एकाच्या खोलात जायचं असेल, तर ते वाक्य आधी बाजूला ठेवा. टायगरशार्ककडे पैसा होता, पण पहिलं गिऱ्हाईक मिळालं नाही. लावीचं गिऱ्हाईक घरातच होतं, पण पैसा परक्याचा होता. गंमत म्हणजे टायगरशार्क पहिल्यांदा उडालं ते 30 ऑगस्ट 1982 रोजी, आणि लावी रद्द झालं ते 30 ऑगस्ट 1987 रोजी.

टायगरशार्कची मुळं नॉर्थ्रॉप या अमेरिकी कंपनीच्या एफ-5 मध्ये आहेत. एफ-5 हे स्वस्त, दणकट आणि जगभर खपलेलं विमान. त्यातली दोन छोटी इंजिनं काढून जनरल इलेक्ट्रिकचं एकच एफ404 बसवलं आणि रेटा वाढून 17,000 पौंडांवर गेला. (आपल्या तेजसमध्ये आहे ते याच घराण्यातलं इंजिन.) नवं रडार आलं, वेग ध्वनीच्या दुपटीपर्यंत गेला. धावपट्टीवर थंड उभं असलेलं विमान इशारा मिळाल्यापासून एका मिनिटात हवेत जाई, आणि नॉर्थ्रॉपच्या विक्रेत्यांनी ही गोष्ट भरपूर मिरवली. स्पॅरो हे दूरच्या विमानावर मारा करणारं, रडारच्या मदतीनं चालणारं क्षेपणास्त्र डागण्याची चाचणीही झाली. अमेरिकी हवाईदलाच्या सेवेतल्या एफ-16ए या लढाऊ विमानाकडे तेव्हा स्पॅरो नव्हतं.

मग विकलं का गेलं नाही? या प्रश्नासाठीच टायगरशार्क अभ्यासाला घ्यावं असं मला वाटतं. कार्टर सरकारचं धोरण होतं की मोजके अपवाद सोडून मित्रदेशांना अमेरिकेची अव्वल लढाऊ विमानं द्यायची नाहीत. त्यांच्यासाठी कंपन्यांनी स्वतःच्या खर्चानं मधल्या दर्जाचं विमान बनवावं. नॉर्थ्रॉपनं सरकारवर विसंबून स्वतःचा पैसा ओतला, आणि तो शेवटी सुमारे 120 कोटी डॉलरांवर गेला. पण रेगन आले आणि धोरणच सैल झालं. 1981 मध्ये पाकिस्तानला एफ-16 मंजूर झाली. जी बंदी टायगरशार्कची बाजारपेठ होती, तीच उठली. हमखास घेईल असा देश तैवान. पण चीनला दुखवायचं नाही म्हणून 1982 मध्ये, टायगरशार्क उडण्याआधीच, तैवानला नकार दिला गेला. तैवाननं पुढे स्वतःचंच लढाऊ विमान बनवलं.

उरलेल्या देशांचा प्रश्न साधा होता: हे इतकं चांगलं आहे, तर तुमचं हवाईदल का घेत नाही? जे विमान अमेरिका वापरते, त्याचे सुटे भाग आणि सुधारणा पुढची वीस-तीस वर्षं मिळत राहणार, हे खरेदी करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. नॉर्थ्रॉपनं अमेरिकी हवाईदलालाही देऊ केलं. शेवटची आशा होती देशाच्या हवाई संरक्षणासाठीची स्पर्धा. 31 ऑक्टोबर 1986 रोजी निकाल लागला: जुन्या एफ-16ए सुधारून वापरायच्या. त्या सुधारणेत त्यांना स्पॅरोही मिळणार होतं. पुढच्याच महिन्यात नॉर्थ्रॉपनं प्रकल्प गुंडाळला.

तीन विमानं बनली होती, त्यांतली दोन अपघातात गेली. एक ऑक्टोबर 1984 मध्ये दक्षिण कोरियात सुवॉनला, दुसरं मे 1985 मध्ये कॅनडात गूज बेला. दोन्ही वेळा कसरतींचं उड्डाण होतं, दोन्ही वेळा वैमानिक गेला. विमानातल्या यांत्रिक दोषाचा पुरावा मिळाला नाही, तीव्र वळणांत वैमानिकाची शुद्ध हरपली असावी असा संशय होता. तरी विकायला काढलेल्या मालाची अशी जाहिरात कुणाला परवडते?

आता लावी. इथे अभियांत्रिकी जास्त रसाळ आहे. पुढे कॅनार्ड म्हणजे छोटे पंख, मागे मोठे त्रिकोणी पंख, मिश्र पदार्थांचा (कंपोझिट्सचा) भरपूर वापर, फ्लाय-बाय-वायर म्हणजे संगणकामार्फत विद्युत संकेतांनी चालणारं नियंत्रण. सगळं नव्यानं आखलेलं, एफ-5 सारखा जुना आधार नाही. सुरुवातीला हेही लहान आणि स्वस्तच ठेवायचं होतं, आणि त्यासाठी विचार चालला होता तो त्याच एफ404 इंजिनाचा. मग विमानाकडून अपेक्षा वाढल्या आणि प्रॅट अँड व्हिटनीचं मोठं पीडब्ल्यू1120 आलं. इस्रायलच्या जुन्या स्कायहॉक आणि क्फिर विमानांच्या जागी घ्यायचं जमिनीवर मारा करणारं विमान हळूहळू एफ-16 च्या तोडीचं होऊ लागलं. माझ्या मते लावीचं दुखणं इथेच सुरू झालं, वॉशिंग्टनमध्ये नव्हे. एफ-16 च्या तोडीचं काही बनवलंत की तुलना एफ-16 शीच होणार. आणि ती तर अमेरिकी मदतीत तयार मिळत होती.

लावीचा बराचसा खर्च त्याच मदतीतून चालला होता. इस्रायलचे किमतीचे आकडे कमी आहेत, असं पेंटागॉननं हिशेब मांडून सांगायला सुरुवात केली. इस्रायलमध्येही लष्करातल्या अनेकांना आपला वाटा लावी गिळणार अशी धास्ती होती. 31 डिसेंबर 1986 ला ते पहिल्यांदा उडालं. आठ महिन्यांनी मंत्रिमंडळात मतदान झालं: रद्द करा 12, चालू ठेवा 11, तटस्थ 1. पंतप्रधान शमीर हरलेल्या बाजूला होते, संरक्षणमंत्री राबिन जिंकलेल्या. स्वतः विमान अभियंता असलेल्या मोशे आरेन्स यांनी मंत्रिपद सोडलं.

व्यवस्थापन, बाजारपेठ, सरकारी धोरण हा विषय असेल तर डोळे मिटून टायगरशार्क घ्या. तिथे विमान तयार होतं, त्यामुळे तांत्रिक अपयशाची सबब सांगताच येत नाही. आराखडा, वायुगतिकी किंवा गरजा फुगत जाणं हा विषय असेल तर लावी.

तिसराही पर्याय आहे, इजिप्तचं हेलवान एचए-300. जर्मन विमानरचनाकार मेसरश्मिट यांच्या आराखड्यावरचं हे छोटं विमान 7 मार्च 1964 रोजी पहिल्यांदा उडवलं ते भारतीय वैमानिक कपिल भार्गव यांनी. त्याचं ई-300 इंजिन आपल्या मारुत या लढाऊ विमानालाही मिळेल या आशेनं भारतानं पैसे घातले होते. 1969 मध्ये सगळं बंद पडलं. गोष्ट भन्नाट आहे, पण वीस मिनिटांच्या सेमिनारला तेवढं साहित्य जमवताना दमछाक होईल.

लावी निवडलंत तर एक सावधगिरी. प्रश्नोत्तरांत कुणीतरी चिनी जे-10 लढाऊ विमानाचा विषय काढणारच. दोन्हींचं बाह्यरूप जुळतं, इस्रायलनं चीनला तंत्रज्ञान दिल्याचे आरोप झाले, ते नाकारलेही गेले. एक स्लाइड द्या आणि पुढे सरका, नाहीतर सगळा वेळ त्यातच जाईल.