आग्रा रोड बघायचाय? बेस्टची खिडकी पकडा (४/५)

गेल्या रविवारी सकाळी सायनहून बसले ती थेट मुलुंड चेक नाक्याला उतरले, आख्खा एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्ग, म्हणजेच जुना आग्रा रोड, मुंबईच्या बेस्टच्या एसी बसमधून, मध्ये कुठेच न उतरता. जन्म भांडुपचा, या रोडवरून हजार वेळा गेले असेन, पण कायम घाईत. काम नसताना, नुसतं बघायला म्हणून पहिल्यांदाच गेले आणि खरं सांगते, पैसे वसूल.

आधी तिकिटाचं. 2019 ला भाडं कमी करून साधी 5 आणि एसी 6 रुपयांपासून केली होती, मे 2025 पासून ते 10 आणि 12 झालं. वाढलं आहेच, रोज जाणाऱ्याला ते जाणवतं, पण आख्ख्या एलबीएसला रिक्षा केली असती तर मीटर कुठे गेला असता याचा विचार करा. बस स्वच्छ होती, इलेक्ट्रिक असल्यामुळे आवाज जवळपास नाही, खिडकीची काच मोठी.

पण मला लिहायचंय ते स्टॉपच्या नावांबद्दल.

कुर्ल्याच्या पुढे कंडक्टर ओरडला, "चला कमानीवाले पुढे या." कमानी म्हणजे कमानींचे कारखाने, भोंगा वाजला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा असं बाबा सांगायचे. आता जवळच फिनिक्स मार्केटसिटी आहे, 2011 पासून, आणि उतरणारी पोरं मॉलमध्ये कामाला जाणारी. घाटकोपरला श्रेयस, टॉकीजचं नाव. तिथून पुढे आर सिटी मॉल, तो 2009 चा. विक्रोळीला गोदरेज, ते मात्र अजून आहेत, 1943 ला घेतलेली जमीन. कांजूरला हुमा, तेही टॉकीजचंच नाव. मग भांडुपात मंगतराम (पेट्रोल पंपाचं नाव), शांग्रिला... शांग्रिला ही बिस्किटांची कंपनी होती हे माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला माहीतच नव्हतं, तिला वाटायचं एखाद्या बिल्डिंगचं नाव असेल.

बाबा याच पट्ट्यातल्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायचे. पहाटेची बस, मांडीवर कापडी पिशवी, त्यात दोन पुडाचा डबा, आणि घरी आले की शर्टाच्या बाहीला ग्रीसचा वास. कंडक्टर पंच तिकिटाच्या पेटीवर टकटक करत यायचा आणि बाबांनी स्टॉप सांगायची गरजच नसायची, तो बघून तिकीट फाडायचा. कंपनी गेली, तिथे आता टॉवर आहे. स्टॉपला नाव अजून कंपनीचंच आहे.

मुळात हा मुंबईहून नाशिकमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता, म्हणून आग्रा रोड, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून तेच म्हणतात, लाल बहादूर शास्त्रींचं नाव नंतर आलं. बाजूने ईस्टर्न एक्सप्रेस हायवे झाला आणि लांबचे ट्रक तिकडे वळले, पण कारखाने इथेच होते ना, त्यामुळे माल, कामगार, चाळी, खानावळी सगळं याच रस्त्यावर राहिलं. मग कारखाने बंद पडत गेले आणि त्या जागांवर मॉल आणि टॉवर आले. रस्ता तोच, रुंदी जवळपास तीच, आणि त्यावर माणसं किती तरी पटीने जास्त. चेक नाक्यावर तर जकातीसाठी ट्रकची रांगच रांग असायची, 1 जुलै 2017 ला जकात गेली, नाव राहिलं.

एक स्टार कापला तो ट्रॅफिकसाठी. वडाळा ते कासारवडवली मेट्रो 4 चे खांब याच रस्त्यावर उभे राहिले, त्या कामात कित्येक वर्षं लेन गेल्या, आणि संध्याकाळी भांडुप ते मुलुंड एवढंसं अंतर जायला जीव जातो, बस असो नाहीतर स्वतःची गाडी. मेट्रो हवीच आहे, आम्ही तिची वाट बघतोय. फक्त स्टेशनांना नावं देताना ही जुनी नावं पुसू नका एवढं मनापासून सांगायचंय.

जायचं असेल तर रविवारी सकाळी आठच्या आत निघा, सायनलाच चढा म्हणजे खिडकी मिळते. डावीकडे बसा. मुलुंडच्या अलीकडचं सोनापूर येईपर्यंत ऊन येत नाही आणि जुन्या कंपन्यांच्या ज्या काही भिंती उरल्यात त्या नीट दिसतात.