‘आय-सेफ’ म्हणून गळ्यात मारलेला यूव्ही दिवा: सावध राहा

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, कमिटीच्या परवानगीने टेबल टाकून ज्या माणसाने जंतुनाशक यूव्ही (अतिनील किरणांचे) दिवे विकले, त्याचा फोन आता बंद आहे. एक दिवा ४,२५० ला, दोन घेतले तर ७,८००. आम्ही दोन घेतले. पैसे जीपेने, एका खासगी नावावर. बिल ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणाला, ते आलंच नाही. पैशांचं एक वेळ सोडा, पण माझ्या मुलीने जी रात्र काढली ती मी विसरणार नाही.

घेतलाच कशाला, असं जो तो विचारतो. सासूबाईंना दमा आहे. पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास मारतो. करोनात असे दिवे सगळीकडे पाहिले होते, घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्येही यूव्हीची नळी असतेच. म्हणजे वस्तू खोटी नव्हती. खोटं होतं त्याचं बोलणं: “ताई, खोलीत माणसं बसली तरी चालतं. आय-सेफ आहे, डोळ्यांना सुरक्षित, आत सेन्सर आहे.”

तो घरी येऊन डेमो देऊन गेला. रिमोट दाबला आणि स्वतः पॅसेजमध्ये जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला! मला वाटलं, फोन आला असेल. आम्ही घरातले सगळे आत, त्या निळ्या उजेडाकडे बघत. अहो, माणूस दिसला की बंद होणारा सेन्सर असता, तर आम्ही समोर असताना दिवा पेटलाच कसा? तिथेच त्याला पकडायला हवं होतं. ती पाठ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला सगळं माहीत होतं. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास सुटला, तर म्हणाला, हवा शुद्ध झाल्याचा वास आहे. तो ओझोन होता. दम्याच्या माणसाला तो घातक, आणि दिवा आम्ही घेतला दम्यासाठी.

मुलगी दहावीत आहे. संध्याकाळपासून जेवणापर्यंत ती त्याच खोलीत अभ्यासाला बसली होती, दिवा समोरच्या फळीवर. तेव्हा काहीही झालं नाही. हाच तर धोका आहे. या दिव्यातले जंतू मारणारे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही-सी, दिसत नाहीत, डोळे दिपत नाहीत, चटका बसत नाही, आणि त्रास सुरू होतो काही तासांनी. मध्यरात्रीनंतर ती किंचाळत उठली. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं, पाणी थांबेना, पापण्या उघडेनात, चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “वेल्डिंग बघत होतीस का?” याला फोटोकेरायटिस म्हणतात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतो. तपासणीचे ७००, थेंब आणि मलमाचे ४८६. सुदैवाने असा थर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत भरून येतो, तिचाही आला. शेजारून कुणी बधिर करणारे थेंब दिले होते, ते डॉक्टरांनी फेकायला लावले. ते घरी परत परत घातले तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. दूध, गुलाबपाणीही घालू नका.

नंतर यजमानांनी खोक्यावरचं ‘आय-सेफ’ स्टिकर नखाने सोलून काढलं. खाली काट मारलेल्या डोळ्याचं चित्र छापलेलं होतं. इशारा मुद्दाम झाकला होता!

पोलिसांकडे गेलो, तर “दिव्याने कधी डोळे जातात का?” असं ऐकवून ग्राहक तक्रारीकडे पाठवलं. हेल्पलाइनवर विक्रेत्याचा जीएसटी नंबर मागितला. बिलच नाही तर नंबर कुठून आणू? बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, ही फसवणूक नाही. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, आम्ही फक्त जागा दिली. जागेचं भाडं घेताना त्याचं ओळखपत्र का नाही घेतलं? प्रत्येक जण दुसऱ्याच्या दारात पाठवतो आणि तो माणूस आज दुसऱ्या कुठल्या तरी सोसायटीत टेबल मांडून बसला असेल.

आता तुम्ही हे करा. उघडा यूव्ही-सी दिवा माणूस, मांजर, कुत्रं कुणीही खोलीत असताना लावायचा नाही. चष्म्यावर विसंबू नका, बाजूने किरण येतातच. जो विकतो त्याला म्हणा, तू आत बस, मी बाहेर थांबते. बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका. हात निर्जंतुक करायला तर हे दिवे अजिबात नकोत, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये तेच सांगितलं होतं. नळीत बहुधा पारा असतो, फोडून कचऱ्यात टाकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, मी तिथे जाणार आहे.

दोन्ही दिवे खोक्यांसकट, अर्धवट सोललेल्या स्टिकरसह पुरावा म्हणून ठेवलेत. कल्याण-डोंबिवलीत कुणी अशाच टेबलावरून घेतला असेल, तर आज रात्री तो लावू नका आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मला कळवा, तक्रार एकत्रच करू.