पळायला कुठे जावं: डब्ल्यू अँड ओडी की सी अँड ओ?

उत्तर व्हर्जिनियात हर्नडन, ॲशबर्नकडे बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी डब्ल्यू अँड ओडी (वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन) ट्रेल अगदी हाकेच्या अंतरावर. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल असा सुमारे ७२ किलोमीटरचा हा डांबरी मार्ग आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे इथले चढ लांब पण मंद. धाप न लागता एका लयीत पळत राहायचं तर मला याहून चांगली वाट माहीत नाही. दर अर्ध्या मैलाला खूण असल्याने वेग मोजणंही सोपं. जपायचं ते सायकलींना (उजवी बाजू सोडू नका!) आणि आडव्या येणाऱ्या रस्त्यांना. डांबर गुडघ्यांना बोचत असेल तर व्हिएन्नाच्या पश्चिमेला शेजारूनच घोड्यांसाठी केलेली खडीची वाट बऱ्याच अंतरापर्यंत जाते. तिच्यावर उतरा.

पोटोमॅक नदीच्या पलीकडे सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याच्या काठची वाट. खेचरं इथून बोटी ओढत चालायची. जॉर्जटाउन ते कंबरलँड २९७ किलोमीटर, जवळजवळ सपाट, मातीची आणि झाडांच्या सावलीतली. पावसानंतर मात्र चिखल होतो.

रोजच्या सरावाला मी रेल्वेचीच वाट निवडेन. उन्हाळ्यातल्या रविवारी, हाताशी वेळ असेल तेव्हा, ग्रेट फॉल्स धबधब्याजवळची कालव्याची वाट.