पीआयडी की एपीसी : आधी कशात हात घालावा?

सातपूर-अंबडला पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या कारखान्यातल्या छोट्या संगणकावर) हात बसलेली मुलं रिफायनरीतल्या नोकरीचं बघू लागली की हा प्रश्न घेऊन येतात. नाशकात रिफायनरी नाही. मुंबईहून पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीला येतं ते तयार इंधन. त्यामुळे पीआयडी (एकेका व्हॉल्व्हचा स्वयंचलित नियंत्रक) आणि एपीसी (अ‍ॅडव्हान्स्ड प्रोसेस कंट्रोल, म्हणजे अनेक पीआयडींना एकत्र हाकणारी प्रणाली) ही दोन्ही नावं ऐकलेली असतात, चालताना पाहिलेली नसतात.

पीआयडी एकच लूप, म्हणजे एक मोजमाप आणि त्यावर हलणारा एक व्हॉल्व्ह, सांभाळतो. भट्टीतून निघणाऱ्या क्रूडचं (कच्च्या तेलाचं) तापमान उतरलं, की इंधनाचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो. शेजारच्या लूपचं काय होतंय, हे तो बघत नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढलेलं पाहून गंगापूर धरणाचा विसर्ग कमी करावा, तसं हे. एपीसी त्र्यंबकचा पाऊस बघून आधीच दरवाजे ठरवते. (फीडफॉरवर्ड जोडलं, म्हणजे येणारा बदल आधीच कळवला, तर पीआयडीलाही थोडा पाऊस दिसतो.) प्लांटच्या मॉडेलवरून पुढचा अंदाज बांधून ती साधारण दर मिनिटाला अनेक सेटपॉइंट (पीआयडींना गाठायला दिलेले आकडे) एकत्र हलवते. व्हॉल्व्ह मात्र शेवटी पीआयडीच फिरवतो.

पैसा एपीसीत दिसतो, हे खरं. बीएस-६ डिझेलचा ९५ टक्के भाग ३६० अंशांपर्यंत उकळून निघावा लागतो. चढउतार जास्त असले की ऑपरेटर सावधपणे ३५० धरतो, आणि डिझेल म्हणून विकलं गेलं असतं ते तेल खालच्या जड प्रवाहात जातं. एपीसी चढउतार आवरते, म्हणून मर्यादेच्या जवळ चालवता येतं.

पण मी होतो त्या एका युनिटवर रिफ्लक्सचा (स्तंभात वरून परत सोडलेल्या द्रवाचा) व्हॉल्व्ह अडकायचा. सेटपॉइंट हलायचा, व्हॉल्व्ह जागचा हलायचा नाही, मग एकदम उडी मारायचा. ऑपरेटर एपीसी बंद करून ठेवायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं ग्लँड पॅकिंग बदललं, व्हॉल्व्ह नेमक्या जागी नेणारा पोझिशनर कॅलिब्रेट केला, लूप पुन्हा ट्यून केले, तेव्हा कुठे तीच एपीसी चालू राहिली.

म्हणून इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा असेल तर बिनदिक्कत पीआयडी, कॅस्केड (एका पीआयडीने दुसऱ्याला सेटपॉइंट देणं) आणि व्हॉल्व्ह पक्के करा. केमिकलची पदवी आणि गणिताची आवड असेल तर एपीसीकडे जा, पण वर्षभर कंट्रोल रूमच्या पॅनेलवर पाळ्या करून. पहिल्याच पाळीला कोणते लूप मॅन्युअलवर (ऑपरेटरच्या हाती) आहेत ते लिहून घ्या. त्यात भट्टी किंवा रिफ्लक्स असेल, तर काम तिथून सुरू होतं.