आरडीपी ठेवावं की स्ट्रीमिंगकडे वळावं?

घरून आरडीपीने (म्हणजे विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने) ऑफिसचा पीसी चालवताना माउस इथे आणि कर्सर तिथे असं व्हायला लागलं की कोणीतरी सांगतंच, "आरडीपी सोड, गेमवाले वापरतात ते घे." मीही ऐकलं. पीसी पुण्यात, मी चिपळूणला, काम ऑटोकॅडचं. नव्या ॲपमध्ये झूम आणि पॅन एकदम मऊ झालं. मग काळ्या पार्श्वभूमीवरची लाल मापं वाचायला गेलो, तर ३ आहे की ८ ते कळेना.

गोम अशी की सनशाइन-मूनलाइट (सनशाइन ऑफिसच्या पीसीवर, मूनलाइट घरी) किंवा पार्सेकसारखी स्ट्रीमिंगची साधनं अख्ख्या स्क्रीनचा व्हिडिओ करून पाठवतात. नेहमीच्या व्हिडिओ पद्धतीत, म्हणजे ४:२:० मध्ये, उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, पण रंगाची माहिती चार पिक्सेल मिळून एकच. सिनेमात हे कोणाला कळत नाही. एक पिक्सेल जाडीच्या लाल रेघेत मात्र लगेच कळतं. रेघ मळकट दिसते, आकडे फुगतात. मूनलाइटमध्ये आता ४:४:४ चा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग पाठवण्याचा, पर्याय आहे, पण दोन्हीकडच्या ग्राफिक्स कार्डांची त्याला साथ लागते. पार्सेकमध्ये तो पैसे भरल्यावर मिळतो.

आरडीपीची रीत वेगळी. मजकूर, चित्र आणि व्हिडिओ ओळखून ते प्रत्येकाला वेगळी वागणूक देतं, म्हणून अक्षरं धारदार राहतात. विंडोज १० पासून त्यात एव्हीसी ४४४ ही पद्धतही आहे, तीत रंग पूर्ण जातो. विंडोजच्या ग्रुप पॉलिसी सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसच्या खाली, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ती चालू करायची. समोरचं मशीन सर्व्हर विंडोजचं असेल तर तिथेच हार्डवेअर ग्राफिक्स ॲडॅप्टर वापरण्याची सेटिंगही चालू करा; नाहीतर आत महागडं कार्ड असूनही चित्र प्रोसेसरच काढत बसतो.

आरडीपी मार खातं ते हालचालीत. सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा मुळातच आहे. ऑफिसच्या पीसीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) टर्मिनल सर्व्हरच्या विनस्टेशन्समध्ये डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल नावाची नोंद करून १५ हा आकडा दिला की ती ६० पर्यंत जाते. एक्सेल, टॅली, कोडिंग, साधी ड्रॉइंग यांना ३० पुरतात. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी वॉकथ्रू असेल तर सरळ स्ट्रीमिंग घ्या, रजिस्ट्रीत वेळ घालवू नका.

व्हीएनसी, म्हणजे दुसऱ्याचा स्क्रीन दाखवणारं जुनं साधन? लिनक्स मशीनवर अधूनमधून डोकावायला ठीक. दिवसभर बसायला नको.

पण हे सगळं नंतर. आधी नेटवर्कची वाट तपासा. २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून आरडीपी टीसीपीच्या (हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणारी, क्रम सांभाळणारी पद्धत) जोडीने यूडीपीही (कशासाठी न थांबता पाठवत राहणारी पद्धत) वापरतं. वाटेत कुठे यूडीपी अडवलं असेल तर ते गुपचूप एकट्या टीसीपीवर येतं, आणि टीसीपीत एक पॅकेट हरवलं की मागची सगळी रांग त्याच्यासाठी खोळंबते. सेशनमध्ये वरच्या पट्टीवर सिग्नलच्या दांड्यांचं चिन्ह असतं, ते दाबा. यूडीपी चालू आहे की नाही ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे नव्हतं. ऑफिसला जोडणारा व्हीपीएन (इंटरनेटवरचा खाजगी बोगदा) टीसीपीवर होता, त्याच्या पोटात आरडीपीचं टीसीपी. पॅकेट हरवलं की दोघंही आपापल्या परीने पुन्हा पाठवायला धावत. व्हीपीएन वायरगार्डवर (यूडीपीवर चालणारा व्हीपीएन) नेला आणि ज्या आरडीपीला मी नावं ठेवत होतो तेच निमूट चालायला लागलं. (व्हीपीएनचा कंटाळा म्हणून आरडीपीचं ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडून ठेवू नका. आरडीपीतल्या सुरक्षेच्या फटीची, २०१९ ची ब्लूकीपची भानगड आठवत असेल.)

दुसरं, तुमच्या घरचं डाउनलोड १०० एमबीपीएस असून उपयोग नाही, ऑफिसचं अपलोड बघा. फुल एचडी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा कॉम्प्रेस न करता पाठवायची तर जवळपास ३ जीबीपीएस लागतील. स्ट्रीमिंग ते १०-२० एमबीपीएसवर आणतं. आरडीपीत स्थिर स्क्रीनला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवर तेच बरं.

अंतरावर मात्र दोघांकडेही औषध नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मशीनला जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि फायबरमधला प्रकाश काही घाई करत नाही. क्लायंट ऐकणारा असेल तर मशीनच इकडे हलवायला सांगा. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडचं सेंट्रल इंडिया केंद्र पुण्यातच आहे.

निवडताना दोन बारीक गोष्टी विसरल्या जातात. समोरच्या पीसीवर विंडोज होम असेल तर त्यात आरडीपीने शिरता येत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. आणि आरडीपी तिकडचा स्क्रीन लॉक करतं, सनशाइन करत नाही. तुम्ही घरी जे उघडाल ते ऑफिसच्या मॉनिटरवर सगळ्यांना दिसतं, साहेबांनाही. मॉनिटर काढून ठेवला तर सनशाइनला पकडायला स्क्रीन उरत नाही; मग मॉनिटर जोडलाय असं भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग लावावा लागतो.

मी ड्रॉइंगला आरडीपी ठेवलंय आणि वॉकथ्रू दाखवायचा असेल तेव्हाच मूनलाइट उघडतो. तो डमी प्लग आता टेपने चिकटवलाय. झाडू मारताना एकदा निघाला होता, आणि इकडे मी तासभर राउटर बंद-चालू करत बसलो होतो.