निर्वासित मुलांची शाळा: छावणीत की स्थानिक शाळेत?

समजा, तुमच्या ट्रस्टने निर्वासित मुलांच्या शिक्षणासाठी काही रक्कम बाजूला ठेवली आहे आणि समोर दोन प्रस्ताव आले आहेत. एक संस्था छावणीतच, मुलांच्या भाषेत वर्ग चालवते. दुसरी त्यांना जवळच्या सरकारी शाळेत दाखल करते. पहिला प्रस्ताव जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. पण आधी एवढंच विचारा: या मुलांच्या हातात शेवटी कुठल्या बोर्डाचं सर्टिफिकेट पडणार?

बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांमध्ये हाच प्रश्न अडला. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे आले. बांबूच्या खोल्यांमध्ये पाळ्या लावून वर्ग सुरू झाले, पण बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला मनाई होती. ही माणसं इथेच रुजतील अशी सरकारला धास्ती. म्यानमारच्या अभ्यासक्रमाला होकार मिळाला जानेवारी 2020 मध्ये. मग कोरोना आला आणि प्रत्यक्ष सुरुवात व्हायला 2021 ची अखेर उजाडली. तोवर चार वर्षं गेली, म्हणजे एखाद्या मुलाची अख्खी प्राथमिक शाळाच. शिवाय सगळा डोलारा परदेशी मदतीवर. 2025 मध्ये ती आटली आणि हजारो केंद्रं बंद ठेवावी लागली.

छावणीतली शाळा चालतच नाही, असं मात्र नाही. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तिथे मुलं पोलिश शाळांतच शिकली. पण त्यांच्यामागे लंडनमधलं पोलिश निर्वासित सरकार उभं होतं. रोहिंग्यांमागे कोण आहे?

स्थानिक शाळेचा मार्ग लेबनॉनने धरला. सीरियन मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची पाळी सुरू केली. इमारत तीच, अभ्यासक्रम देशाचा, त्यामुळे मान्यतेचा घोळ कमी. घोळ झाला भाषेचा. सीरियात गणित-विज्ञान अरबीत शिकलेल्या मुलांना तिथे ते फ्रेंच किंवा इंग्रजीत शिकावं लागलं. सातवी-आठवीच्या मुलाने हे अचानक कसं पेलायचं? त्यात पाळी वेगळी, म्हणजे स्थानिक मुलांशी मैत्री व्हायचीही संधी नाही. तुर्कस्तानने आधी सीरियन मुलांसाठी वेगळी अरबी केंद्रं चालवली; 2016 पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करत, तुर्की भाषेचे जादा तास देऊन मुलांना सरकारी शाळांत आणलं. मला हा क्रम लेबनॉनपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

दोन्हींचा मेळ भारतात तिबेटी शाळांनी घातला. 1961 मध्ये केंद्र सरकारने या शाळा चालवण्यासाठी स्वतंत्र प्रशासन स्थापन केलं. शाळेत तिबेटी भाषा आणि संस्कृती, पण परीक्षा सीबीएसईची, त्यामुळे पुढे इथल्या कॉलेजांची दारं उघडी. तिन्हींत मला हीच रचना उजवी वाटते, पण ती सरकारने मनावर घेतल्याशिवाय उभी राहत नाही. एकट्या ट्रस्टच्या आवाक्यातली नाही.

म्हणून यजमान देश शाळेत प्रवेश देत असेल तर मी दुसऱ्या संस्थेला पैसे देईन, पण इमारतीसाठी नाही. पहिल्या वर्षाचे भाषेचे तास, मुलांची भाषा येणारा एक मदतनीस शिक्षक आणि बसभाडं, एवढ्यासाठीच. प्रवेश बंदच असेल तर छावणीतले वर्ग हवेतच. तिथे निर्वासितांमधल्याच शिक्षकांचं मानधन उचला आणि निदान तीन वर्षांची हमी द्या. प्रत्येक मुलाची हजेरी आणि इयत्ता कागदावर नोंदवली जाते का, तेही विचारून घ्या. पुढे कुठल्याही शाळेत गेलं तरी आधी तोच कागद मागतात.