मोंढ्यातले मुनीम आणि कॉम्प्युटरवरचा पोरगा: कामं वाटावीत की जोडीनं बसवावं?

लातूरच्या मोंढ्यातल्या (शेतमालाच्या बाजारातल्या) आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या दुकानात, साठीतले मुनीमजी आणि पंचविशीतला पोरगा एकाच गादीजवळ काम करतात. त्यांना कामाला लावायचे दोन मार्ग.

पहिला, वाटणी. मुनीमजींकडे कच्ची वही आणि उचल (शेतकऱ्याला आगाऊ दिलेले पैसे), पोराकडे टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि हिशोबपट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीच्या हिशोबाचा कागद). ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक वाढली की यानं काम झपाट्यानं उरकतं. पण चूक शिरते ती दोघांच्या मधल्या फटीतून. मुनीमजी सांगतात, "अठरा क्विंटल चार किलो." पोरगा 18.4 टाकतो. टाकायचं असतं 18.04. झाला 36 किलोंचा फरक. क्विंटलला 4,500 च्या भावानं 1,620 रुपये. शिवाय एकाच गावात एकाच नावाचे दोघं असले की उचल भलत्याच खात्यावर पडते. कोण कुणाचा, हे मुनीमजींच्या डोक्यात असतं, टॅलीत नसतं.

दुसरा, जोडी. एकानं काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं टाकून परत वाचून दाखवायची, किलो कायम दोन आकडी: "शून्य चार". खात्यात बापाचं नाव आणि गाव घालायचंच. वेळ जास्त जातो, हे खरं. मुनीमजींची चूक गिऱ्हाइकासमोर काढली तर ते दुखावतात, आणि ते रास्तच आहे, पोरानं "काका, एकदा बघता का?" म्हणत वही पुढं सरकवावी.

आमच्या मते ऑगस्ट-सप्टेंबरात, आवक कमी असताना, रोज तासभर जोडी बसवावी. हंगामात वाटणी चालेल, पण शेतकऱ्याच्या हाती पट्टी देण्याआधी दोघांची नजर पडलीच पाहिजे.